जिवाणूंचा शत्रू शोधणारे फेलिक्स देरेल

रांझी (जबलपूर) : रांझीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढा भागातील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेत आज विषाणूंच्या चाचण्या होतात. विषाणू स्वतःहून वाढू शकत नाही. तो जिवंत पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या प्रती घडवून घेतो. हे चक्र विषाणू प्रत्यक्ष न पाहता ज्यांनी उलगडले, त्या फेलिक्स देरेल यांनी सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण बहुतांशी स्वतःच घेतले होते.

देरेल यांचा जन्म १८७३ चा. १९१५ मध्ये, महायुद्धाच्या काळात, पॅरिसजवळ मेझों-लाफित येथील घोडदळाच्या तुकडीत आमांशाची साथ पसरली आणि पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या देरेल यांच्याकडे तिचा तपास आला. रुग्णांच्या विष्ठेचे द्रावण त्यांनी चिनी मातीच्या गाळणीतून गाळले. त्यातून जिवाणू पार होत नाहीत. तरीही ते गाळलेले पाणी मिसळताच जिवाणूंनी गढूळ झालेला रस निवळला. घट्ट माध्यमावर वाढलेल्या जिवाणूंच्या थरात तर स्वच्छ, वाटोळे ठिपके उमटले. पाणी जितके पातळ करावे तितके ठिपके कमी. एखादे रसायन असते, तर परिणाम सर्वत्र सारखाच फिका झाला असता. म्हणजे हे सुटे कणच असले पाहिजेत, हा त्यांचा युक्तिवाद आजही अचूक वाटतो. कण जिवाणूला चिकटतो, आत वाढतो, जिवाणू फुटतो आणि नवे कण पुढच्या भक्ष्याकडे जातात. या कणांना त्यांनी बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूभक्षक, असे नाव दिले. त्यांचा शोधनिबंध १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी असाच आविष्कार १९१५ मध्ये नोंदवला होता. श्रेयाचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला.

रुग्णांना देण्यापूर्वी हे द्रावण देरेल यांनी स्वतः प्राशन केले. १९२५ मध्ये अलेक्झांड्रिया येथे प्लेगच्या चार रुग्णांच्या गाठींत त्यांनी ते टोचले. चौघेही बरे झाले. या यशामुळे त्यांना भारताचे निमंत्रण आले. मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्लेगवर आणि १९२७ मध्ये पंजाबात पटकीवर त्यांनी प्रयोग केले. मात्र रोगातून बरे होण्याचे जवळजवळ सारे श्रेय या भक्षकांनाच देण्याचा त्यांचा आग्रह अतिरेकी होता, हेही नोंदवायला हवे.

हा सजीव कण नसून केवळ विकर आहे, असे नोबेल विजेते ज्यूल बोर्दे मानत. १९४० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे कण दाखवले आणि तो वाद मिटला. देरेल यांना मात्र नोबेल मिळाले नाही. तिबिलिसी येथे ज्यांच्यासोबत त्यांनी काम केले, त्या जॉर्ज एलियावा यांना १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. एलियावांची संस्था आजही भक्षक-उपचार करते.

देरेल यांचे २२ फेब्रुवारी १९४९ रोजी पॅरिसमध्ये निधन झाले. भक्षकाचे कवच बाहेरच राहते आणि आत शिरते ते प्रामुख्याने डीएनए, हे हर्शी आणि चेस यांनी १९५२ मध्ये दाखवले.