सॅम्युअल मोर्स
सॅम्युअल फिनले ब्रीस मोर्स (२७ एप्रिल, इ.स. १७९१ – २ एप्रिल, इ.स. १८७२) हे अमेरिकन चित्रकार व विद्युत तारायंत्राच्या जनकांपैकी एक होते. मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्सटाउन येथे जन्मलेल्या मोर्स यांनी येल येथील पदवीनंतर लंडनमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेतले.

इ.स. १८२५ मध्ये लाफायेत यांचे व्यक्तिचित्र रंगविण्यासाठी ते वॉशिंग्टनला असताना न्यू हेवन येथे त्यांची पत्नी ल्युक्रेशिया यांचे निधन झाले. पत्र मिळून ते घरी पोहोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता. तारायंत्राची कल्पना मात्र त्यांना इ.स. १८३२ मध्ये, युरोपातून परतताना जहाजावर विद्युतचुंबकाविषयी निघालेल्या चर्चेतून सुचली.

त्यांच्या आरंभीच्या योजनेत शब्दांना अंक दिलेले होते. तार मिळाल्यावर कोश उघडून शब्द शोधावा लागे. पुढे प्रत्येक अक्षरासाठी टिंब व रेघ यांच्या खुणा ठरल्या. जे अक्षर अधिक वापरातले त्याची खूण लहान, हे या लिपीचे मर्म होय. इंग्रजी ‘ई’ला केवळ एक टिंब, तर ‘टी’ला केवळ एक रेघ आहे. या रचनेत त्यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; लिपीला नाव मात्र एकट्या मोर्स यांचेच मिळाले.

२४ मे, इ.स. १८४४ रोजी त्यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला जाहीर संदेश पाठविला. यंत्र कागदी पट्टीवर खुणा उमटवीत असे, परंतु यंत्रचालक लवकरच नुसत्या कट्ट-कडकट्ट आवाजावरून मजकूर उतरवून घेऊ लागले. सध्याची आंतरराष्ट्रीय मोर्स लिपी ही जर्मनीतील फ्रीड्रिख गेर्के यांनी इ.स. १८४८ मध्ये केलेल्या सुधारित आवृत्तीवर आधारलेली आहे.