अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

नांदेड-लातूरच्या कोणत्याही गावात गेलो की अंगणवाडी दिसते. ताई, वजनकाटा, पोषण आहार, भिंतीवरची चित्रे. हा शब्द एवढा रुळला आहे की तो एखाद्या सरकारी परिपत्रकातून आला असे आम्हाला वाटत होते. त्यामागे ताराबाई मोडक यांचे पन्नास वर्षांचे काम आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, प्रार्थना समाजी घरातला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे संसार तुटला, लहान लेक सोबत होती. राजकोटला मुलींच्या संस्थेत त्या प्राचार्य झाल्या. लेकीला कसे शिकवावे या विचारातून बालशिक्षणाची ओढ लागली आणि १९२३ मध्ये ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे मूल कसे खेळते, कशात रमते, कशाला घाबरते हे त्यांनी रोज पाहिले. मारल्याशिवाय मूल शिकते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

पण माँटेसरीची साधने महाग होती आणि बालमंदिरात येणारी मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरची. ही गोष्ट ताराबाईंना सलत होती. म्हणून १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीत खरी परीक्षा झाली. वाड्यापाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती. घरात धाकटे भावंड सांभाळायचे असे, गुरे राखायची असत. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, शाळेची जागा बदलली. वस्तीतल्याच अंगणात बालवाडी भरू लागली. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने आली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. गुराखी मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की थोरली बहीण वर्गात बसू शकत होती.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

आमच्या समाजाच्या जयंत्यांच्या यादीत ताराबाईंचे नाव नसते. तरीही त्यांची आठवण आम्हाला गरजेची वाटते. अमुक जातीच्या मुलांना शिक्षणाची आवडच नसते, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ताराबाईंच्या कामाने त्याला उत्तर दिले: मूल शाळेत येत नसेल तर आधी शाळेची जागा, वेळ आणि रीत तपासा.

मुखेड, कंधार, जळकोट भागातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. लेकरे बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर सोबत जातात आणि अंगणवाडी गावातच राहते. ताराबाई असत्या तर त्यांनी शाळा फडावर नेली असती, असे आम्हाला वाटते. आपल्या वस्तीतली अंगणवाडी कुठे भरते, तिथे आहारासोबत खेळ आणि गोष्टी आहेत का, आणि फडावरच्या लेकरांचे काय, हे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारू या.