गणिती जोसेफ फुरिये

गोदाकांठच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा आम्हां नाशिककरांच्या परिचयाची आहे. तिच्यावर १७२१ हें साल कोरलेलें आहे. घंटेचा टोल कानास एकच वाटतो. परंतु त्या एका नादांत उंच व खोल असे अनेक स्वर मिसळलेले असतात. ते निरनिराळे कसे करावे, हें ज्याच्या गणितावरून जगास कळलें, त्या फुरियेचें अल्प चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फुरियेचा जन्म फ्रान्स देशांतील ओसेर गांवीं ता. २१ मार्च १७६८ रोजीं झाला. बाप शिंपी होता. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा आईबापांस मुकला. गांवच्या लष्करी शाळेंत त्यास गणिताची गोडी लागली. पुढें तोफखान्यांत शिरण्याची त्यास इच्छा झाली. परंतु तो सरदार घराण्यांतील नसल्यामुळें त्याची विनंति अमान्य झाली. राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९४ सालीं त्यास तुरुंगही पाहावा लागला. तेथून सुटल्यावर तो पॅरिस येथें अध्यापक झाला, १७९८ सालीं नेपोलियनबरोबर मिसर देशास गेला व १८०२ सालीं ग्रेनोबल येथें प्रांताधिकारी झाला.

तेथें दलदलीच्या जमिनी कोरड्या करविण्यासारखीं कामें सांभाळून तो उष्णतेचा अभ्यास करी. १८०७ सालीं त्यानें आपला निबंध पॅरिसच्या पंडितांपुढें ठेविला. कोणतीही वांकडीतिकडी रेषा साध्या, नियमित लहरींच्या बेरजेनें दाखवितां येते, असें त्याचें म्हणणें होतें. लाग्रांजसारख्या श्रेष्ठ गणित्यास तें पटलें नाहीं. १८१२ सालीं त्यास पारितोषिक मिळालें, पण सिद्धतेंत उणीव असल्याचा शेराही मिळाला. हे आक्षेप अगदींच निराधार नव्हते. तथापि फुरिये खचला नाहीं. १८२२ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ता. १६ मे १८३० रोजीं तो वारला. त्यापूर्वीं एकच वर्ष, १८२९ सालीं, डिरिक्ले ह्या तरुण गणित्यानें ती उणीव बऱ्याच अंशीं भरून काढिली होती.

आतां घंटेकडे वळूं. तिच्या नादाचा जोर सेकंदास हजारों वेळां मोजून अंकांची यादी करावी. मात्र सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळां मोजलें पाहिजे. नाहींतर खोटेच स्वर दिसूं लागतात. फुरियेच्या रीतीनें त्या यादीवरून प्रत्येक लहरीचा जोर निघतो. आडव्या रेषेवर कंपनसंख्या व उभ्या रेषेवर जोर मांडिला, म्हणजे प्रत्येक मुख्य स्वराच्या जागीं एकेक शिखर उभें राहतें. इंद्रधनुष्यांत जसे प्रकाशाचे रंग विलग होतात, तसाच हा नादाचा वर्णपट होय. हें गणित फार लांबलचक असे. १९६५ सालीं कूली व टूकी ह्यांनीं त्याची जलद रीत प्रसिद्ध केल्यापासून गणकयंत्रें तें क्षणांत करूं लागलीं. मुंबई बंदराच्या भरती-ओहोटीचीं कोष्टकेंही अशाच लहरींच्या बेरजेनें तयार होतात.

ज्यास कुळामुळें तोफखान्याचें दार बंद झालें, त्या शिंप्याच्या मुलानें पंधरा वर्षें आक्षेप सोसून आपलें काम पुरें केलें. उत्तरपत्रिकेवर गुरुजींचा प्रतिकूल शेरा पाहून खट्टू होणाऱ्या आमच्या मित्रांनीं हें ध्यानांत ठेवावें, व पालकांनींही तें विसरूं नये.