स्वामी कुवलयानंद

मुंबईहून पुण्यास जाताना घाट चढून वर आले की लोणावळे लागते. तेथे कैवल्यधाम नावाचा योगाश्रम आहे. या आश्रमात आसनांच्या वर्गांबरोबर एक प्रयोगशाळाही आहे. योगासाठी प्रयोगशाळा कशाला, असे कोणास वाटेल. परंतु ती नसती, तर या आश्रमाच्या संस्थापकाला आपले काम अपुरेच वाटले असते. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. शिक्षणासाठी जगन्नाथला फार झगडावे लागले. पण बुद्धी तीव्र आणि मन खंबीर. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली. पुढे बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्यापाशी त्याने शरीरशिक्षणाचे धडे घेतले. लोकमान्य टिळक व अरविंद घोष यांच्या विचारांनी तो भारावून गेला. देशबांधवांना शहाणे करावे, या ध्यासाने त्याने शिक्षकाचा पेशा पत्करला. खानदेशातील अमळनेर येथे अध्यापन करीत असता तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही गुणे यांनी भूषविले.

अशा रीतीने आयुष्याची वाट ठरून गेली होती. पण १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर या गावी त्यांची परमहंस माधवदासजींशी भेट झाली. माधवदासजी मूळचे बंगालचे, वयोवृद्ध व थोर योगी. गुणे यांचे वय त्या वेळी छत्तीस वर्षांचे होते. इतरांना शिकविणारा हा विद्वान पुन्हा विद्यार्थी होऊन गुरूच्या पायांशी बसला. हा सहवास मात्र अल्पकाळच लाभला. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला आणि शिष्य एकाकी झाला.

आता त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. योगाभ्यासात विलक्षण अनुभव येतात, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. परंतु त्यांची वृत्ती कोणतीही गोष्ट तपासून घेण्याची होती. गुरूंनी सांगितले म्हणून सारे निमूटपणे मानावे, की ते कसोटीला लावावे? कसोटीत ते उतरले नाही तर काय? तरीही त्यांनी कसोटीचाच मार्ग धरला. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांची परीक्षा आरंभिली.

नौलीच्या वेळी योगी मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेऊ शकतो. हे कसे घडते? गुणे यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने आतला दाब मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी असल्याचे आढळले. पिचकारीचा दांडा मागे ओढला की पाणी आपोआप आत शिरते, त्यातलाच हा प्रकार! या न्यून दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. आता ते स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी एका शाळामास्तराने योगशिक्षकाचे जीवन आरंभिले. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. त्यात प्रयोगांची सविस्तर माहिती प्रसिद्ध होऊ लागली.

स्वामीजींची सत्यनिष्ठा मोठी कडक होती. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, अशी समजूत रूढ होती. स्वामीजींनी श्वासोच्छ्‌वासातील वायूंचे मोजमाप केले. आलेले आकडे त्या समजुतीला पुष्टी देईनात. योगाचा प्रसार करणाऱ्याला ते आकडे झाकून ठेवण्याचा मोह झाला असता. स्वामीजींनी ते छापले. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या साठ्यात नाही, मज्जासंस्थेच्या आरोग्यात आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. आपल्या आवडीच्या विद्येसाठीदेखील ते असत्याचा आधार घ्यावयास तयार नव्हते.

त्यांची कीर्ती दूरवर पसरली. १९२७ साली महात्मा गांधींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला. पुढे मुंबईस आरोग्यकेंद्र निघाले. लोणावळ्यास योगशिक्षक घडविणारे महाविद्यालय व योगोपचारांचे रुग्णालय उभे राहिले. गुहेत दडलेली विद्या साध्या माणसांच्या दारी आली. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले.

स्वामीजींची गुरूवर अपार श्रद्धा होती. तरी गुरूकडून मिळालेले ज्ञान त्यांनी तपासून घेतले. त्यामुळे श्रद्धा उणी झाली नाही, उलट ती अधिक उजळली. आणि शिकावयास प्रारंभ करण्याला कोणतेही वय उशिराचे नसते, हेही त्यांच्या चरित्रावरून आपल्या ध्यानी येते.