जिम कॉर्बेट : शिकारी आणि रक्षक

व्याघ्ररक्षणाची कथा सांगू लागले की आरंभी एका शिकाऱ्याचेच नाव घ्यावे लागते, हा योग विलक्षण खरा.

जिम कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. वडील तेथील पोस्टमास्तर. ते लवकर निवर्तले. कुटुंब मोठे, म्हणून जिम तरुणपणीच रेल्वेच्या नोकरीत शिरले. बिहारात मोकामा घाटावर गंगापार जाणाऱ्या मालाच्या चढउताराचे कंत्राट त्यांनी वीसएक वर्षे सांभाळले. मुलूख सोडून पोटामागे जाणे काय असते, हे आम्हां बदलीवाल्यांना निराळे सांगावयास नको. सवड मिळाली की त्यांचे पाय कुमाऊंकडे वळत.

१९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिने नेपाळ व कुमाऊं मिळून ४३६ माणसे खाल्ली असे मानतात. इनाम रद्द करावे व इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे, या अटींवरच त्यांनी हे काम पत्करले होते. परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. त्यांनी मृत वाघिणीचा जबडा तपासला, तेव्हा उजवीकडचे सुळे तुटलेले आढळले. जुन्या गोळीचा तो घाव. नित्याचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले होते. म्हणजे कुणा बंदूकवाल्याच्या चुकलेल्या नेमाची किंमत गरीब पहाडी बायामाणसांनी मोजली! पुढे १९२६ साली त्यांनी रुद्रप्रयागचा बिबट्याही टिपला. बदरीकेदारची वाट त्याने आठ वर्षे भयग्रस्त केली होती.

हळूहळू त्यांच्या हाती बंदुकीऐवजी चलच्चित्राचा कॅमेरा अधिक दिसू लागला. १९३६ साली हेली नॅशनल पार्क स्थापन झाले, त्यामागे त्यांचा आग्रह होता. १९४४ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ या ग्रंथाने त्यांची कीर्ती जगभर पोहोचली.

आणि १९४७ च्या नोव्हेंबरात, भगिनी मॅगीसह, ते केनियास निघून गेले. ज्याला पहाडी माणसांनी आपला मानले, त्यालाच स्वतंत्र भारतात आपले स्थान उरेल याची खात्री वाटू नये, हे मनाला लागते. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचा अंत झाला. १९५७ साली त्या उद्यानाला त्यांचे नाव दिले गेले, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभही तेथूनच झाला. कालाढुंगीजवळ त्यांनी वसविलेली छोटी हल्द्वानी आजही नांदते आहे. रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी गावाभोवती त्यांनी घातलेली दगडी भिंत तेथे पाहावयास मिळते.