गंज का चढतो हे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला गिलोटिनवर का जावं लागलं?

लोखंड गंजतं, लाकूड जळतं, आपण श्वास घेतो. या तिन्हींत ऑक्सिजनचा हात असतो, हे जगाला पटवून दिलं आंत्वान लव्हाझिए यांनी.

१७४३ साली पॅरिसमधल्या एका सधन वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण कायद्याचं, पण ओढ रसायनशास्त्राची. १७६८ मध्ये त्यांनी राजासाठी कर गोळा करणाऱ्या खासगी कंपनीत हिस्सा घेतला. या कंपनीवर लोकांचा भयंकर राग होता. पण तिच्याच पैशातून लव्हाझिएंची प्रयोगशाळा आणि अतिशय अचूक तराजू उभे राहिले. १७७१ मध्ये सहकाऱ्याच्या १३ वर्षांच्या मुलीशी, मारी-ॲनशी त्यांचं लग्न झालं. पुढे ती त्यांच्यासाठी इंग्रजी ग्रंथांचे अनुवाद करायची, उपकरणांची चित्रं काढायची.

तेव्हा समज असा होता की, वस्तू जळताना तिच्यातून 'फ्लॉजिस्टॉन' नावाचं काहीतरी बाहेर पडतं. मग धातू तापवून त्याची राख झाल्यावर वजन वाढतं कसं?

१७७४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली पॅरिसला आले. पाऱ्याची लाल राख तापवली की एक वायू निघतो आणि त्यात मेणबत्ती जोरात जळते, हे त्यांनी सांगितलं. त्यानंतर लव्हाझिएंनी बंदिस्त हवेत पारा १२ दिवस तापवला. लाल राख तयार झाली आणि हवा घटली. तीच राख जास्त तापवली, तर पारा परत मिळाला आणि घटलेली हवाही! आजच्या भाषेत पहिली क्रिया ऑक्सिडीकरण, दुसरीत पाऱ्याचं क्षपण. वायू आधी इतरांना सापडला होता, त्याचा अर्थ लव्हाझिएंनी लावला.

त्यांनी नाव दिलं ऑक्सिजन, म्हणजे आम्ल तयार करणारा. प्रत्येक आम्लात तो असतो, असं त्यांना वाटायचं. हे चुकीचं होतं, हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो. नाव मात्र टिकलं.

१७८९ मध्ये त्यांचं रसायनशास्त्राचं गाजलेलं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. जुनी करवसुली आता गुन्हा ठरली. ८ मे १७९४ रोजी लव्हाझिएंसह २८ करवसुलीदारांना शिक्षा सुनावून त्याच दिवशी गिलोटिनवर चढवण्यात आलं. ते ५० वर्षांचे होते.

त्या २८ जणांत मारी-ॲनचे वडीलही होते. एका दिवसात वडील आणि नवरा गमावलेल्या मारी-ॲननेच पुढे लव्हाझिएंचं अपुरं राहिलेलं लेखन प्रसिद्ध केलं.