मिस पुष्पाचा सेंड-ऑफ

वर्ष संपत आलं की तुमच्या कॉलेजात निरोप समारंभ होतो. स्टेजवर टेबल, टेबलावर हार, मागं फ्लेक्स. सेकंड इयरचा एखादा पोरगा माईक हातात घेतो आणि आदल्या रात्री पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू करतो. दोन वाक्यं नीट जातात. तिसऱ्यात 'आय ॲम नॉट नोईंग' येतं. मागच्या बाकांवर फस्सकन हसू फुटतं. पोरगा उरलेलं भाषण मराठीत उरकून खाली उतरतो, आणि मग वर्षभर होस्टेलात त्याला 'काय रे नोईंग' अशीच हाक.

असंच एक निरोपाचं भाषण इंग्रजी कवितेत कायमचं जाऊन बसलंय. ऑफिसातली मिस पुष्पा परदेशी निघालीय आणि तिच्याबरोबर काम करणारा एक गृहस्थ चार शब्द बोलायला उभा राहिलाय. जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला त्यानं 'आयएनजी' लावलंय. पुष्पाच्या वडिलांचं गाव कोणतं, हे आठवता आठवता त्याला सुरत आठवतं. सुरत आठवलं की तिथं एकदा आपण कुणाकडं उतरलो होतो आणि त्यांच्या घरी जेवण किती छान होतं, तेही आठवतं. मग गाडी परत पुष्पावर. ती कामाला कधी नाही म्हणत नाही, पुरुषांची लाडकी, बायकांचीही लाडकी. शेवटी तो इतर वक्त्यांना बोलायला सांगतो. समारोप पुष्पा करेल म्हणतो. तिथंच कविता संपते. पुष्पाची पाळी काही येत नाही.

ही कविता लिहिणाऱ्याचं नाव निसीम एझिकेल. तुम्ही त्यांना बहुतेक दुसऱ्या दारानं ओळखता. आईला पावसाळी रात्री विंचू चावतो, गावकरी कंदील घेऊन जमतात, देवाचं नाव घेतात, वडील मात्र औषधं करून बघतात, आणि वीस तासांनी उतार पडल्यावर आई म्हणते, बरं झालं, पोरांना नाही चावला. 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन'. इंग्रजीच्या किती अभ्यासक्रमांत ही कविता लागली असेल, मोजायला नको. आपल्याकडं तर ती समजावून सांगावी लागत नाही. विंचू उतरवणारं कुणीतरी प्रत्येकाच्या गावात होतंच.

एझिकेल डिसेंबर १९२४ मध्ये मुंबईत जन्मले, बेने इस्रायली घरात. बेने इस्रायली म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेले ज्यू. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. या समाजाची बोली मराठी. निसीमचं घर मात्र शिक्षकांचं आणि इंग्रजीचं. वडील विल्सन कॉलेजात प्राध्यापक, आई शाळेची मुख्याध्यापिका. म्हणजे जातीनं, धर्मानं अगदी मूठभर लोकांतला, भोवती मराठी-गुजराती-हिंदीचा गलका, आणि तोंडात इंग्रजी. कुठल्याच घोळक्यात हा मुलगा पुरता बसणारा नव्हता.

विल्सनमधूनच एम.ए. झाले. काही काळ मानवेंद्रनाथ रॉय यांच्या राजकारणात होते. १९४८ मध्ये नाटकवाले मित्र इब्राहिम अल्काझी यांच्या मदतीनं लंडनला गेले. तिथं तत्त्वज्ञान शिकले, तंगीत राहिले, कविता लिहिल्या. १९५२ मध्ये पहिलं पुस्तक आलं, 'अ टाइम टू चेंज'. त्याच वर्षी परत यायचं ठरलं, पण तिकिटाला पैसे नव्हते. तेव्हा इंडोचायनाकडं शस्त्रं घेऊन निघालेल्या बोटीवर डेक घासण्याचं काम धरलं आणि डेक घासत हा कवी मुंबईला पोचला. पुढं नियतकालिकांत नोकऱ्या केल्या, जाहिरातीत काम केलं, 'क्वेस्ट' या नियतकालिकाचे पहिले संपादक झाले, आणि १९६१ पासून दहाएक वर्षं मिठीबाई कॉलेजात इंग्रजी शिकवलं. नंतर मुंबई विद्यापीठात.

या माणसाचं स्वतःचं इंग्रजी कसं होतं? घोटीव. एक शब्द जास्त नाही. १९६५ च्या संग्रहाचं नावच 'द एक्झॅक्ट नेम', म्हणजे नेमकं नाव. मग असा माणूस 'आय ॲम नॉट नोईंग'छाप इंग्रजीत कविता का लिहितो?

कारण त्यांना ते रोज ऐकू येत होतं. मिस पुष्पा एकटी नाही. तिच्या जोडीला एक देशभक्त आहे. त्याला जगात शांतता हवीय, लोक का भांडतात हे कळत नाही, इंग्रजी सुधारावं म्हणून तो रोज इंग्रजी पेपर वाचतो (हा सल्ला तुम्हाला किती जणांनी दिलाय?) आणि दारूपेक्षा लस्सी बरी म्हणतो. एक रेल्वेतला क्लार्क आहे. त्याची रजा मंजूर होत नाही, पगार पुरत नाही, डिग्री नाही म्हणून बढती नाही. इराणी हॉटेलातल्या सूचनांवरही एक कविता आहे. १९७६ च्या 'हिम्स इन डार्कनेस' या संग्रहात यातल्या काही आल्या.

वर्गात या कविता वाचल्या की सगळे हसतात. हसूही येतंच, ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पण नक्की कशाला हसतोय, ते बघू या.

नांदेड-लातूरकडं आपण कसं बोलतो? 'मला वाटायलंय.' 'कळायलंय का?' 'पाऊस येईल असं दिसायलंय.' पुण्याकडचा माणूस 'मला वाटतं', 'कळतंय ना' म्हणून मोकळा होतो आणि वर आपल्या 'करायलोय'ला हसतो. आपल्याकडं वाटणं, कळणं, दिसणं ही चालू असलेली कामं आहेत. असं बोलणारं पोरगं इंग्रजीत 'आय ॲम अंडरस्टँडिंग' म्हणालं तर ते इंग्रजीच्या नियमानं चुकलंच. इंग्रजीत नो, अंडरस्टँड, बिलाँग ही क्रियापदं सहसा 'आयएनजी' घेत नाहीत, कारण त्या भाषेच्या हिशेबात ती कृती नाही, स्थिती आहे. पण ते पोरगं वेड्यासारखं बोललं नाही. त्यानं आपल्या भाषेचा हिशेब तिकडं नेला, एवढंच.

आणखी बघा. कुणाच्या घरून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, अशुभ वाटतं. 'येतो' म्हणतो. मग इंग्रजीतही 'ओके सर, आय ॲम कमिंग' म्हणत चपला घालतो आणि सर बुचकळ्यात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. माणूस मेला म्हणवत नाही, म्हणून तो 'एक्स्पायर' होतो. बाहेरच्या माणसाला त्यात औषधाच्या बाटलीवरची तारीख दिसते, आपल्याला आदर दिसतो. आणि 'प्रीपोन'? त्याला इतकी वर्षं हसून झालं, आता तो शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे.

तरी एझिकेल यांच्यावरचा आरोप इथंच उभा राहतो. अनेक समीक्षकांचं म्हणणं असं की, फाडफाड इंग्रजी येणाऱ्या दक्षिण मुंबईच्या माणसानं अर्धं इंग्रजी येणाऱ्या कारकुनाची टिंगल केली. माझ्या मते आरोप निम्मा खरा आहे. देशभक्ताच्या कवितेत काही ओळी टाळ्यांसाठीच लिहिल्यासारख्या वाटतात. पण रेल्वेच्या क्लार्कची कविता मोठ्यानं वाचून बघा. चारपाच ओळींनंतर व्याकरण कानाआड जातं आणि समोर उरतो रजा न मिळालेला, घरी बोलणी खाणारा माणूस. त्याची तक्रार शुद्ध इंग्रजीत लिहिली असती तर तो अर्ज झाला असता. पुष्पाच्या भाषणातलं सुरतेचं वळण घ्या. ते व्याकरणाची चूक नाहीच. बोलता बोलता जिव्हाळ्याच्या आठवणीत शिरणारा तो माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे, लग्नाच्या मांडवात माईक मिळाला की तो दिसतो.

आणि एक गोष्ट एझिकेल यांच्या बाजूनं. व्ही. एस. नायपॉल यांनी 'ॲन एरिया ऑफ डार्कनेस' या पुस्तकात भारतावर कोरडे ओढले, तेव्हा एझिकेल यांनी त्याला उत्तर देणारा मोठा निबंध लिहिला. त्यातला मुद्दा साधा होता. इथली घाण, इथला गोंधळ, इथलं ढोंग त्यांनाही दिसत होतं आणि त्याचा त्रासही होत होता. पण नायपॉल बघून निघून गेले, आणि एझिकेल यांना इथंच राहायचं होतं. डेक घासत परत आलेल्या माणसानं हे म्हणावं, याला वजन आहे.

त्यांची खरी चीड वेगळीच होती. ती 'आयएनजी'वर नव्हती, फुगवलेल्या शब्दांवर होती. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पेन या लेखक संघटनेचं ऑफिस होतं. तिथं ते बसत आणि कुणीही नवखा पोरगा कवितांची वही घेऊन जाऊ शकत असे. ते ओळ न् ओळ वाचत. हा शब्द इथं का, हे विशेषण काढलं तर काय बिघडेल, असं विचारत. गोडगोड बोलून वाटेला लावत नसत. गीव्ह पटेल यांचं पहिलं पुस्तक त्यांनीच छापलं. इंदिरा संतांच्या मराठी कविता त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर इंग्रजीत नेल्या. १९८३ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८८ मध्ये पद्मश्री.

मग अल्झायमर सुरू झाला. नेमक्या नावाच्या मागं आयुष्यभर लागलेल्या माणसाची नावंच आधी गेली. ओळखीचे चेहरे गेले, वाक्यं अर्ध्यात तुटू लागली. शेवटची काही वर्षं मुंबईतल्याच एका नर्सिंग होममध्ये गेली. जुने विद्यार्थी, कवी भेटायला जात, त्यांना ते ओळखत नसत. ९ जानेवारी २००४ रोजी ते वारले. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते.